दोन वर्षं इथे, दोन वर्षं तिथे

१८९३ सालचं शिकागोचं जागतिक प्रदर्शन आपल्याला आठवतं ते स्वामी विवेकानंदांमुळे. त्यांची धर्मपरिषद शहरातल्या एका वेगळ्या इमारतीत भरली होती. इकडे प्रदर्शनाच्या मुख्य आवारात, मॅसॅच्युसेट्स राज्यातर्फे मांडलेलं एक छोटं लाकडी घर होतं. नाव ‘रम्फर्ड किचन’. तिथे तीस सेंटांत जेवण मिळे आणि जेवणासोबत एक कार्ड मिळे. ताटातल्या पदार्थांत प्रथिनं किती, स्निग्ध पदार्थ किती, कॅलरी किती, हे त्यावर छापलेलं असे. आज बिस्किटाच्या पुड्यावरही हा तक्ता असतो. तेव्हाच्या माणसाला मात्र आपण उष्मांक खातो आहोत हे प्रथमच कळत होतं.

हे स्वयंपाकघर मांडणाऱ्या एलेन स्वॅलो रिचर्ड्स रसायनशास्त्रज्ञ होत्या. १८४२ साली मॅसॅच्युसेट्समधल्या डन्स्टेबल या खेडेगावात त्यांचा जन्म झाला. शिकवण्या, आईची शुश्रूषा, वडिलांच्या दुकानातलं काम यांत ऐन शिकायची वर्षं गेली. पै-पै साठवून वयाच्या पंचविसाव्या वर्षी त्या व्हॅसर कॉलेजात दाखल झाल्या, तिथली पदवी घेतली आणि मग मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीच्या दारात उभ्या राहिल्या. संस्थेने प्रवेश दिला आणि फीसुद्धा माफ केली. हा मोठेपणा नव्हे, हे त्यांना पुढे समजलं. बाईला घेतल्याबद्दल कुणी आक्षेप काढलाच, तर ‘ती आमच्या पटावर नाहीच’ असं सांगायची ती सोय होती. १८७३ साली त्यांनी तिथली पदवी मिळवली; ती मिळवणारी पहिली स्त्री त्याच. उशिरा सुरुवात, खिशात बेताचे पैसे, एका संस्थेतून दुसरीत उडी. अमेरिकेच्या दोन वर्षांच्या कम्युनिटी कॉलेजात आज पोषणशास्त्राच्या वर्गात बसणाऱ्या कितीतरी जणांना हे चरित्र ओळखीचं वाटेल.

रिचर्ड्स यांचा पहिला बेत होता गरिबांना स्वस्त आणि सकस खाऊ घालण्याचा. १८९० मध्ये बॉस्टनला त्यांनी ‘न्यू इंग्लंड किचन’ उघडलं. तासन्‌तास मंद आचेवर शिजवलेलं गोमांसाचं सूप, घेवड्याच्या बिया, मक्याच्या पिठाची खीर असा सगळा मोजूनमापून केलेला मामला. पण बॉस्टनच्या आयरिश, इटालियन, ज्यू वस्त्यांनी त्याकडे पाठ फिरवली. शिकागोत हल हाउस या समाजसेवी संस्थेने असाच प्रयोग केला, त्याचंही तेच झालं. आपल्या जिभेला काय रुचतं हे लोकांना ठाऊक होतं आणि प्रयोगशाळेचं मत त्यांनी मागितलेलं नव्हतं. विदर्भातल्या माणसाला कोकणी जेवण ‘शास्त्रशुद्ध’ म्हणून वाढलं तर तो तरी काय करेल?

या अपयशाने दिशा बदलली. गल्लीतली माणसं ऐकत नाहीत, तर शाळेत, कॉलेजात, इस्पितळात जावं, असं ठरलं. १८९९ मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या लेक प्लॅसिड येथे या विषयाची पहिली परिषद भरली, ‘होम इकॉनॉमिक्स’ (गृहविज्ञान) हे नाव पक्कं झालं आणि १९०८ च्या अखेरीस त्या विषयाची राष्ट्रीय संघटना उभी राहिली. रिचर्ड्स तिच्या पहिल्या अध्यक्ष. आहार हा आता परीक्षेचा विषय झाला.

याच वर्षांत, याच शिकागोत, दुसरी एक गोष्ट वेगळ्या माणसाच्या डोक्यात शिजत होती. शिकागो विद्यापीठाचे पहिले अध्यक्ष विल्यम रेनी हार्पर यांनी पदवीची चार वर्षं मधोमध कापली. पहिल्या दोन वर्षांना ‘ज्युनियर कॉलेज’, नंतरच्या दोनांना ‘सीनियर कॉलेज’. पहिली दोन वर्षं विद्यापीठाबाहेर कुठेही उरकता येतील, असं त्यांचं म्हणणं. शहराच्या नैर्ऋत्येला असलेल्या जोलिएट गावच्या हायस्कूलचे प्रमुख जे. स्टॅन्ली ब्राउन यांनी ते उचलून धरलं आणि १९०१ मध्ये शाळेच्याच इमारतीत सहा विद्यार्थ्यांचा वर्ग सुरू झाला. जोलिएट ज्युनियर कॉलेज आजही चालू आहे, आणि त्याने जुनं नावही सोडलेलं नाही.

हार्पर यांना गोरगरिबांचा कळवळा होता, असं सांगण्याची पद्धत आहे. ते अर्धंच खरं. विद्यापीठाला संशोधनासाठी मोकळं करायचं आणि कोवळ्या पोरांचं शिकवणं दुसऱ्यांच्या गळ्यात घालायचं, हा हिशेब त्यात होताच. पण दार कुठल्याही कारणाने उघडलं, तरी आत येणारा आपल्या कारणाने येतो. घरी राहून, नोकरी सांभाळून कॉलेजची पहिली दोन वर्षं करता येतात, हे लोकांनी लगेच ओळखलं.

आहारशास्त्राची वाट इस्पितळाच्या मुदपाकखान्यातून गेली. लेना कूपर मिशिगनमधल्या बॅटल क्रीकच्या प्रसिद्ध आरोग्यधामात तयार झालेल्या. त्यांनी आणि ल्युलू ग्रेव्ह्ज यांनी १९१७ च्या ऑक्टोबरात, महायुद्ध चालू असताना, क्लीव्हलंडला शंभरेक जणींना जमवून अमेरिकन डाएटेटिक असोसिएशन स्थापन केली. मग आलं १९२२ साल आणि इन्सुलिन. मधुमेही माणूस आता जगू शकत होता, पण सुई आणि ताट यांचा मेळ बसला तरच. पावाचा तुकडासुद्धा ग्रॅममध्ये तोलावा लागे. डॉक्टरांना ‘स्वयंपाकघराच्या देखरेखीची बाई’ पुरेनाशी झाली, रसायनशास्त्र शिकलेली व्यक्ती हवी झाली. १९२७ मध्ये संघटनेने नियम घातला: चार वर्षांची पदवी, आणि वर किमान सहा महिने इस्पितळात प्रशिक्षण.

म्हणजे ज्युनियर कॉलेज उंबरठा खाली आणत होतं आणि आहारतज्ज्ञांची संघटना तो वर चढवत होती. पुढच्या शंभर वर्षांची सगळी ओढाताण इथून सुरू होते.

मधल्या काळात ज्युनियर कॉलेजांत होम इकॉनॉमिक्स शिकवलं जाई, पण मुलगी पुढे विद्यापीठात जाईल अशी कुणाची फारशी अपेक्षा नसे. दोन वर्षं शिकावं आणि संसाराला किंवा छोट्या नोकरीला लागावं, एवढंच गृहीत होतं. १९६० मध्ये समाजशास्त्रज्ञ बर्टन क्लार्क यांनी कॅलिफोर्नियातल्या सॅन होझेच्या दोन वर्षांच्या कॉलेजचा अभ्यास करून बोचरं निरीक्षण मांडलं. मोठी स्वप्नं घेऊन आलेल्या विद्यार्थ्याला ही कॉलेजं गोडीगुलाबीने, समुपदेशनाच्या बैठका घेत, छोट्या स्वप्नावर आणून सोडतात. दार उघडं ठेवायचं आणि आतला जोश हळूहळू निववायचा! क्लार्कवर टीका पुष्कळ झाली, पण त्यांचं म्हणणं खोडून काढणं सोपं गेलेलं नाही. आजही कम्युनिटी कॉलेजात पाऊल टाकणारे बहुतेक जण पदवीची आस बाळगतात आणि त्यांतले सुमारे एक तृतीयांशच चार वर्षांच्या संस्थेत पोचतात.

तरी दार रुंदावलं हे खरं. १९४४ च्या कायद्याने युद्धावरून परतलेल्या सैनिकांच्या शिक्षणाचा खर्च सरकारने उचलला. १९४७ मध्ये अध्यक्ष ट्रूमन यांच्या आयोगाने ‘कम्युनिटी कॉलेज’ हे नाव रूढ केलं. कॅलिफोर्नियाने १९६० च्या बृहद आराखड्यात पायऱ्या आखून दिल्या: शाळेतले वरचे साडेबारा टक्के विद्यार्थी युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियासाठी पात्र, वरचे एक तृतीयांश राज्य महाविद्यालयांसाठी, आणि उरलेल्या सर्वांसाठी दोन वर्षांची कॉलेजं, तिथून वर जाण्याच्या मुभेसह.

आहारशास्त्राने या कॉलेजांना बराच काळ वेगळंच काम दिलं. १९६९ मध्ये ‘रजिस्टर्ड डाएटिशियन’ ही नोंदणी सुरू झाली. त्यानंतर कम्युनिटी कॉलेजांत ‘डाएटेटिक टेक्निशियन’चे दोन वर्षांचे अभ्यासक्रम वाढले. रुग्णाची खाण्याची माहिती घेणं, ताटं तपासणं, मोठ्या स्वयंपाकघराचं नियोजन असं हे काम. प्रतिष्ठेचं खरं, पण दुय्यम. त्यातले बरेच विषय थेट कामाचे, त्यामुळे विद्यापीठात जायचं म्हटलं की सगळे जमेस धरले जातीलच असं नसे.

पदवीकडे जाणाऱ्याची खरी परीक्षा वेगळी आणि ती बहुतेक वेळा रसायनशास्त्रच घेतं. सामान्य रसायनशास्त्र झाल्याशिवाय सेंद्रिय रसायनशास्त्र नाही, ते झाल्याशिवाय जीवरसायनशास्त्र नाही. शिवाय शरीररचना, शरीरक्रिया, सूक्ष्मजीवशास्त्र, संख्याशास्त्र. साखळीतली एक कडी एका सत्रात हुकली की वर्ष पुढे ढकललं जातं, कारण लहान कॉलेजात असा वर्ग दर सत्रात चालेलच असं नाही. त्यात एका कॉलेजचं सूक्ष्मजीवशास्त्र दुसऱ्या विद्यापीठाला मान्य आहे की नाही, याची वही जपावी लागते. २०१० मध्ये कॅलिफोर्नियाने यावर कायदा केला. साठ युनिटांची, म्हणजे दोन वर्षांची, ठरावीक सहयोगी पदवी पूर्ण केली, तर कॅलिफोर्निया स्टेट युनिव्हर्सिटीत जागा नक्की, आणि शिकलेलं पुन्हा शिकायला लावायचं नाही. या पदव्यांच्या यादीत पुढे पोषण व आहारशास्त्रही आलं. रिचर्ड्स यांचं स्वयंपाकघर आणि हार्पर यांची अर्धी पदवी सरकारी कागदावर अशी एकत्र यायला शंभराहून अधिक वर्षं गेली.

तोवर उंबरठा पुन्हा वर गेला होता. पदवीनंतरच्या इंटर्नशिपच्या जागा इतक्या तोकड्या, की २०१० च्या आसपास अर्ज करणाऱ्यांतल्या जेमतेम निम्म्यांना त्या मिळत. १ जानेवारी २०२४ पासून तर नोंदणीच्या परीक्षेला बसायलाच पदव्युत्तर पदवी लागते, आणि किमान हजार तासांचं देखरेखीखालचं काम आहेच. या निर्णयाच्या समर्थकांचा मुद्दा चुकीचा नाही: औषधनिर्माते, फिजिओथेरपिस्ट यांच्या पदव्या वाढल्या, मग आहारतज्ज्ञाने मागे का राहावं? पण दोन अधिक दोन असा हिशेब मांडून निघालेल्या मुलीला आता त्यात आणखी दोन मिळवावे लागतात, आणि कम्युनिटी कॉलेजने वाचवलेले पैसे तिथे जातात.

मराठी माणसाचा या इतिहासाशी धागा जुना आहे. सयाजीराव गायकवाडांच्या बडोदा संस्थानात ॲन गिलख्रिस्ट स्ट्राँग या अमेरिकन बाईंनी गृहविज्ञानाच्या शिक्षणाची घडी बसवली; त्या पुढे न्यूझीलंडच्या ओटागो विद्यापीठात याच विषयाच्या प्राध्यापक झाल्या. १९५० मध्ये, हंसा मेहता कुलगुरू असताना, बडोद्याच्या विद्यापीठात गृहविज्ञानाची स्वतंत्र विद्याशाखा निघाली. मुंबईत, पुण्यात, बडोद्यात पोषणशास्त्र शिकलेली एखादी लग्नानंतर न्यू जर्सीला किंवा टेक्सासला जाते, तेव्हा तिला पदवीचं मूल्यांकन करून घ्यावं लागतं. एखादा विषय कमी पडला, तर तो भरून काढायला जवळचं आणि परवडणारं ठिकाण बहुधा गावातलं कम्युनिटी कॉलेजच असतं. वर्गात तिच्या शेजारी नुकती शाळा सुटलेली मुलं असतात, आणि चाळिशीत करिअर बदलायला निघालेल्या परिचारिका आणि आचारीही.