पुढे बसणारा, नजर ठेवणारा

‘प्रेसिडेंट’ म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे सत्ता येते. राजवाड्यासारखं निवासस्थान, मागेपुढे मोटारींचा ताफा, एका सहीवर हलणारं लष्कर. शब्दाचा मूळ अर्थ मात्र अगदी साधा आहे. लॅटिनमध्ये ‘प्रे’ म्हणजे पुढे आणि ‘सेदेरे’ म्हणजे बसणं. सभा भरली असताना तिच्या पुढ्यात जो बसतो तो प्रेसिडेंट. राज्य करणं, हुकूम सोडणं, सैन्य हाकणं हे सगळं त्या शब्दाला नंतर चिकटलं. आधी होतं ते फक्त बसणं.

हा जुना अर्थ अजून कुठे टिकून आहे हे पाहायचं असेल, तर फ्रान्सच्या पूर्व सीमेवरच्या स्ट्रासबुर्ग शहराकडे वळावं. युरोपीय संसदेची पूर्ण बैठक तिथे भरते, वर्षातून बारा वेळा. २७ देशांतून थेट निवडून आलेले ७२० सदस्य अर्धवर्तुळाकार सभागृहात बसतात. ते देशवार बसत नाहीत, आपापल्या राजकीय गटाप्रमाणे बसतात. जर्मन समाजवाद्याच्या शेजारी पोर्तुगीज समाजवादी असतो आणि त्याच्याच देशाचा विरोधक पार दुसऱ्या टोकाला. या सर्वांकडे तोंड करून उंच आसनावर एक जण बसलेला असतो. अडीच वर्षांसाठी निवडलेला एक प्रेसिडेंट आणि १४ उपाध्यक्ष आळीपाळीने त्या आसनावर येतात. बैठक उघडणं, बोलायची पाळी देणं, वेळ संपली की थांबवणं, प्रस्ताव मताला टाकणं आणि निकाल सांगणं ही त्यांची कामं.

‘सेदेरे’ हे क्रियापद आपल्याला परकं नाही. ते संस्कृतमधल्या ‘सद्’ या धातूचं सख्खं भावंड आहे. ‘सद्’ म्हणजे बसणं. सगळे मिळून एकत्र बसतात ती संसद. भोवती बसतात ती परिषद. बसायची जागा ते सदन. सभेत बसतो तो सभासद. गुरूच्या जवळ खाली बसून मिळवायचं ते उपनिषद. पक्ष्याच्या घरट्याला संस्कृतमध्ये ‘नीड’ म्हणतात, त्यातही ‘नि’ आणि ‘सद्’च दडलेले आहेत आणि इंग्रजीतला ‘नेस्ट’ त्याच घडणीचा आहे. म्हणजे आपण ‘संसद’ म्हणतो आणि युरोपीय माणूस ‘प्रेसिडेंट’ म्हणतो, तेव्हा दोघेही एकाच धातूला हाक मारत असतात.

गंमत अशी, की रोजच्या मराठीत ‘सद्’ उरलेलाच नाही. आपलं ‘बसणं’ आलं ते ‘उपविश्’पासून, जुन्या ‘बैसणे’तून. ‘सद्’ राहिला तो संस्कृतातून जसाच्या तसा उचललेल्या शब्दांत, आणि तेही बहुतेक सभेशीच जोडलेल्या. अरबी-फारसीतून आलेल्या शब्दांचीही हीच कथा आहे. ‘मजलस’ आणि ‘जलसा’ हे दोन्ही शब्द अरबी भाषेतल्या ‘बसणं’ या अर्थाच्या धातूपासून झाले आहेत. मजलस म्हणजे बसायची जागा, जलसा म्हणजे बैठक. सत्यशोधकांनी आणि आंबेडकरी शाहिरांनी जलसा गावोगाव नेला, तेव्हा त्या शब्दात माणसांनी एकत्र बसणं आधीपासूनच होतं. चार माणसं बोलण्यासाठी जमली की भाषा त्या प्रसंगाला नाव देते ते बोलण्यावरून नव्हे, बसण्यावरून.

युरोपीय संसदेचं कामकाज २४ अधिकृत भाषांत चालतं. प्रत्येक भाषेतून उरलेल्या २३ भाषांत अनुवाद करायचा, म्हणजे जोड्या होतात ५५२. त्या २४ भाषांमध्ये फिनिश, एस्टोनियन आणि हंगेरियन या वेगळ्याच कुळातल्या, तर माल्टी भाषा अरबीची बहीण. एवढ्या पसाऱ्यात आसनावरच्या व्यक्तीला कोण काय म्हणतं हे पाहू लागलो, की धातूचा प्रवास नकाशावर काढल्यासारखा दिसतो. डच भाषेत ‘फोरझिटर’, म्हणजे पुढे बसणारा. स्लोव्हेनियन भाषेत ‘प्रेदसेदनिक’, बल्गेरियनमध्ये ‘प्रेदसेदातेल’, दोन्हींचा अर्थ तोच. ग्रीकमध्ये ‘प्रोएद्रोस’. यातलं ‘एद्रोस’ ओळखू येत नाही, कारण शब्दाच्या आरंभीच्या ‘स’चा ग्रीकमध्ये ‘ह’ होतो. आपल्या ‘सप्त’चं तिथे ‘हेप्ता’ झालं, तसं ‘सद्’पासून ‘हेद्रा’, म्हणजे आसन. त्याच्यापुढे ‘प्रो’ लागला आणि मधला ‘ह’ही विरला. बैठकीलाही जर्मन माणूस ‘झिट्सुंग’ म्हणतो, इटालियन ‘सेदूता’ म्हणतो, लिथुआनियन ‘पोसेदिस’ म्हणतो. माल्टी भाषेने तर इटालियनकडून ‘सेदूता’च उसना घेतला. अशा रीतीने एका सेमिटिक भाषेच्या तोंडीही आपला ‘सद्’ जाऊन बसला.

सगळे मात्र बसण्याकडे पाहत नाहीत. पोलिश माणूस वाट दाखवणाऱ्याचा शब्द वापरतो. लिथुआनियन त्याला ‘पहिला’ म्हणतो, आयरिश ‘वरचा’ म्हणतो. स्वीडिश भाषेत तो ‘तालमान’ आहे आणि फिनिशमध्ये ‘पुहेमिएस’. दोन्हींचा अर्थ बोलणारा माणूस, इंग्रजांच्या ‘स्पीकर’सारखा.

‘स्पीकर’ हा शब्द इंग्लंडच्या सभागृहात १३७७ मध्ये सर थॉमस हंगरफर्ड यांच्या नावापुढे पहिल्यांदा लागलेला आढळतो. सभागृहाचं म्हणणं राजापुढे जाऊन बोलून दाखवायचं, ही त्याची जबाबदारी. राजाला न रुचणारं सांगायचं, तर ते धोक्याचं काम होतं. म्हणजे हा बोलणारा सभागृहाच्या आत बोलणारा नव्हता, सभागृहाच्या वतीने बाहेर बोलणारा होता. स्ट्रासबुर्गला ज्याच्यापुढे जाऊन बोलावं असा राजाच नाही. तिथल्या नियमांनुसार आसनावरच्या व्यक्तीने चर्चेत तोंड उघडायचं ते फक्त चर्चेचा सारांश सांगण्यासाठी किंवा सदस्यांना शिस्तीची आठवण देण्यासाठी. स्वतःचं मत मांडायचं असेल तर आसन सोडून खाली यायचं आणि तो विषय संपेपर्यंत पुन्हा वर जायचं नाही. मतांची बरोबरी झाली तर आपल्या राज्यघटनेच्या १०० व्या अनुच्छेदाने पीठासीन व्यक्तीला निर्णायक मत दिलं आहे. युरोपीय संसदेत तेही नाही. तिथे बरोबरी झाली की सहसा प्रस्ताव पडतो. बसणाऱ्याने बसावं आणि बोलणाऱ्यांना बोलू द्यावं, हा शब्दातला अर्थ नियमात उतरलेला असा दिसतो.

ही दोन नावं आपल्याकडच्या एकाच माणसाच्या आयुष्यात आलटून पालटून आली. गणेश वासुदेव मावळंकर यांचं घराणं मूळचं रत्नागिरी जिल्ह्यातलं, कर्मभूमी अहमदाबाद. १९३७ मध्ये ते मुंबई विधानसभेचे ‘स्पीकर’ झाले. १९४६ मध्ये दिल्लीच्या केंद्रीय विधिमंडळात गेले, तर तिथे पदाचं नाव होतं ‘प्रेसिडेंट’. विठ्ठलभाई पटेल १९२५ मध्ये ज्या आसनावर निवडून आले, तेच हे आसन. १९४७ मध्ये मावळंकर पुन्हा ‘स्पीकर’ झाले आणि मे १९५२ मध्ये लोकसभेचे पहिले. त्याच वर्षी सप्टेंबरात स्ट्रासबुर्गला सहा देशांच्या ७८ प्रतिनिधींची सभा पहिल्यांदा भरली आणि बेल्जियमचे पॉल-आंरी स्पाक तिचे प्रेसिडेंट झाले. ती सभा म्हणजे आजच्या युरोपीय संसदेचा आरंभ.

तेव्हा तिचं नाव संसद नव्हतंच, नुसतंच ‘सभा’ होतं. १९५८ मध्ये नाव बदललं तेव्हा जर्मन आणि डच भाषांनी सरळ ‘पार्लमेंट’ घेतलं, फ्रेंच आणि इटालियन भाषांनी ‘सभा’ सोडली नाही. एकाच सभागृहाला दोन अर्थांची नावं चार वर्षं चालली. ३० मार्च १९६२ रोजी सभागृहाने ठराव करून सर्व भाषांत ‘पार्लमेंट’ केलं. करारात ते नाव यायला १९८० चं दशक सरत आलं. ‘पार्लमेंट’ आला आहे फ्रेंच ‘पार्ले’पासून, म्हणजे बोलणं. म्हणून तिथल्या पाटीवर सदस्यांचं बोलणं आहे आणि आसनाच्या नावात बसणं आहे. बोलणारे अनेक आणि त्यांच्यासाठी बसणारा एक, हे दोन शब्द मिळून लोकशाहीच्या सभेचं वर्णन पुरं करतात.

बैठकीला ‘प्लेनरी’ म्हणतात त्याचंही असंच. लॅटिन ‘प्लेनुस’ म्हणजे भरलेलं, आणि तो आपल्या ‘पूर्ण’चा भाऊ. इंग्रजी ‘फुल’ त्याच कुळातला. आयरिश भाषेत आरंभीचा ‘प’ गळून पडतो, म्हणून तिथे ‘पूर्ण’चं ‘लान’ झालं. आपल्याकडे न्यायालयात ‘पूर्णपीठ’ आहे, साहित्य संमेलनात ‘खुलं अधिवेशन’ आहे, संस्थांमध्ये ‘सर्वसाधारण सभा’ आहे. ‘प्लेनरी’साठी ‘पूर्ण बैठक’ म्हटलं तर धातूही तोच राहतो आणि अर्थही. पूर्ण बैठकीला सभागृह भरलेलंच असेल असं नाही. गणपूर्तीसाठी एक तृतीयांश सदस्य लागतात, पण सदस्यांनी मागणी केली तरच ते मोजले जातात. ‘गणपूर्ती’तली ‘पूर्ती’ही त्या ‘पूर्ण’चीच बहीण.

आता आपल्या शब्दांकडे येतो. ‘अध्यक्ष’ म्हणजे अधि अधिक अक्ष, ज्याचा डोळा वरून सगळीकडे पोचतो तो. नासदीय सूक्तात शेवटी सृष्टीवर परम आकाशातून लक्ष ठेवणाऱ्याला हाच शब्द वापरला आहे. कौटिल्याच्या अर्थशास्त्राचं दुसरं अधिकरण ‘अध्यक्षप्रचार’ नावाचं आहे. त्यात सोन्यावर लक्ष ठेवणारा सुवर्णाध्यक्ष आहे, शेतीवर लक्ष ठेवणारा सीताध्यक्ष आहे. म्हणजे मुळात अध्यक्ष हा सभेचा माणूस नव्हे, खात्याचा माणूस. कारभारावर देखरेख ठेवणारा अधिकारी. ‘सभापती’ मात्र सभेचाच. यजुर्वेदातल्या रुद्राध्यायात सभांना नमस्कार केल्यावर लगेच सभापतींना नमस्कार आहे. घरोघरी रुद्राची आवर्तनं करणाऱ्यांनी हा शब्द किती पिढ्या उच्चारला असेल!

तरीही डोळ्याचं काम स्ट्रासबुर्गच्या आसनाला चुकलेलं नाही. ठरलेले वक्ते बोलून झाले की चर्चेच्या शेवटी थोडा वेळ राखलेला असतो. त्याला तिथे ‘कॅच द आय’ म्हणतात, म्हणजे आसनाची नजर वेधून घेणं. ज्याला बोलायचं त्याने खूण करायची. पीठासीन व्यक्ती निवडेल त्याला एक मिनिट मिळतं. निवडताना वेगवेगळे गट आणि वेगवेगळे देश नजरेतून सुटता कामा नयेत. कुणी बोलत असताना दुसऱ्याने निळं कार्ड वर केलं, तर बोलणाऱ्याची तयारी आहे का ते विचारून अर्ध्या मिनिटाचा प्रश्न विचारू द्यायचा की नाही, हेही आसनाने ठरवायचं. हे सारं कानात दुभाष्याचा आवाज चालू असताना. मूळ भाषण एका भाषेत, त्याचा अनुवाद क्षणभर मागून दुसऱ्या भाषेत आणि घड्याळ दोघांसाठी एकच. लहान देशाच्या सदस्यालाही तिथे स्वतःच्या भाषेत बोलायचा हक्क आहे, परवानगी लागत नाही. आपल्या संसदेत अनुच्छेद १२० प्रमाणे, हिंदी किंवा इंग्रजीत नीट मांडता येत नसेल तर मातृभाषेत बोलायला पीठासीन व्यक्तीची परवानगी लागते. मराठी खासदार मराठीतून बोलतो तेव्हा त्या अनुमतीचा आधार त्यामागे असतो.

आसनाचा मान माणसामुळे की आसनामुळे, याचा कस नव्या सभागृहाच्या पहिल्या दिवशी लागतो, कारण तेव्हा अजून कुणी निवडलेलाच नसतो. आपल्याकडे त्यासाठी ‘हंगामी अध्यक्ष’ असतो. ‘हंगाम’ फारसी, अर्थ वेळ किंवा मोसम. हंगामी म्हणजे त्या वेळेपुरता. युरोपात हा मान वयाने सर्वांत ज्येष्ठ सदस्याला मिळे. फ्रेंचमध्ये त्याला ‘द्वायां’ म्हणतात. मूळ लॅटिन शब्द दहा जणांच्या म्होरक्याचा, म्हणजे आपल्या ‘दश’चा नातलग. जुलै १९७९ मध्ये थेट निवडणुकीनंतरचं पहिलं सभागृह भरलं, तेव्हा आसनावर बसल्या ८६ वर्षांच्या लुईझ वाइस, फ्रान्समध्ये स्त्रियांच्या मताधिकारासाठी झगडलेल्या. त्याच दिवशी आउश्वित्झच्या छळछावणीतून वाचलेल्या सिमोन व्हेल निवडून आल्या. त्या आसनाने एवढा मोठा दिवस क्वचितच पाहिला असेल. सभागृहाच्या इमारतीला आज वाइस यांचं नाव आहे. पुढे १९८९ मध्ये दुसऱ्या एका ज्येष्ठ सदस्याच्या आरंभीच्या भाषणावर अनेक सदस्य उठून गेले. २००९ मध्ये नियम बदलला आणि पहिल्या बैठकीची सूत्रं मावळत्या प्रेसिडेंटकडे किंवा उपाध्यक्षाकडे गेली. वयापेक्षा आसनाचा सराव मोठा ठरला, आणि ते योग्यच झालं.

युरोपीय संघात प्रेसिडेंट एकटा नाही. आयोगाचा वेगळा, राष्ट्रप्रमुखांच्या परिषदेचा वेगळा, संसदेचा वेगळा. आपण मराठीत तिघांनाही ‘अध्यक्ष’ म्हटलं तर वाचकाने ओळखायचं कसं? स्वीडिश आणि फिनिश भाषांनी हा गोंधळ टाळला आहे. त्यांच्याकडे संसदेच्या प्रेसिडेंटला एक शब्द आणि आयोगाच्या प्रेसिडेंटला दुसरा. आपल्यालाही नवा शब्द घडवायची गरज नाही. आयोगाचा प्रमुख कारभार पाहतो, त्याला कौटिल्याच्या अर्थाने ‘अध्यक्ष’ म्हणावं. संसदेची बैठक चालवणाऱ्याला ‘सभापती’ म्हणावं. विधानपरिषदेमुळे हा शब्द आपल्या अंगवळणी पडला आहे आणि त्यात सभा उघड दिसते. पंचायत समितीपासून बाजार समितीपर्यंत तो वापरात आहे हे खरं, पण त्यामुळे त्याचा अर्थ बिघडत नाही. मराठी बातम्यांत, पाठ्यपुस्तकांत आणि स्पर्धा परीक्षांच्या टिपणांत ‘युरोपीय संसदेचे सभापती’ असंच लिहिलं जावं, असं मला आग्रहाने सुचवावंसं वाटतं.