महाडचे कारस्थान: बिघडलेला डाव आणि त्याची किंमत

जुन्या देशी बुद्धिबळात प्यादे पहिल्या खेळीलाही एकच घर पुढे सरके, त्यामुळे आरंभी गाफीलपणे झालेली चूक अंगाशी येण्यास काही खेळ्या जात आणि तेवढ्या अवधीत ती निस्तरता येई. पेशव्यांचे कारभारी नाना फडणवीस यांना राजकारणात असा अवधी १७९६ साली महाडात मिळाला आणि त्यांनी तेथे जे डावपेच लढवले त्यांना मराठ्यांच्या इतिहासात ‘महाडचे कारस्थान’ असे नाव पडले.

ऑक्टोबर १७९५मध्ये सवाई माधवराव पेशवे निपुत्रिक वारले, तेव्हा रघुनाथरावांचा मुलगा बाजीराव गादीवर येऊ नये म्हणून पेशव्यांची विधवा यशोदाबाई हिच्या मांडीवर दत्तक देण्याचा बेत नानांनी आखला. परंतु बाजीरावाने शिंद्यांचे कारभारी बाळोबा तात्या यांच्याशी संधान बांधल्याचे कळताच तो बेत सोडून त्यांनी बाजीरावालाच पुण्यास आणवले. या दोन्ही वेळी बाळोबांचे धनी दौलतराव शिंदे यांची फौज कोणाच्या पाठीशी राहील याचा बंदोबस्त त्यांनी आधी केला नाही आणि मूळ चूक हीच होती. शिंदे पुण्यावर चालून येताच नाना साताऱ्यास निघून गेले, तर इकडे बाळोबा व परशुरामभाऊ पटवर्धन यांनी बाजीरावाचा धाकटा भाऊ चिमाजी अप्पा यास दत्तक देववून पेशवाईची वस्त्रे, म्हणजे छत्रपतींकडून मिळणारा अधिकाराचा पोशाख, मिळवून दिली. आपल्याला कैद करण्याचा घाट घातला जात आहे हे वाईस कळल्यावर नाना घाट उतरून कोकणात आले.

महाडची निवड अत्यंत विचारपूर्वक होती. पोलादपूरवरून वाहत येणाऱ्या सावित्रीच्या पात्रात महाडपर्यंत भरतीचे पाणी चढते आणि नदीच्या मुखाशी असलेले बाणकोट १७५६च्या तहापासून इंग्रजांकडे होते, म्हणजे समुद्राची वाट मोकळी होती. पाठीशी रायगड होता आणि घाटाची वाट प्रतापगडाच्या माऱ्यात होती. या दोन्ही गडांवर नानांनी शिबंदी, म्हणजे किल्ल्याच्या रक्षणासाठी पगारी शिपाई, भरली. पुढे १८०२मध्ये होळकरांपुढे पुणे सोडून पळालेला बाजीरावही महाडवरूनच बाणकोटकडे उतरला व वसईस जाऊन इंग्रजांच्या आश्रयाला गेला.

नानांचे खरे कसब पुढेच दिसते, कारण ज्या हेतूने डाव मांडला होता तो हेतूच त्यांनी सोडून दिला व बाजीरावाला पेशवा करण्याचे स्वतःच पत्करले. दौलतरावास सर्जेराव घाटग्यांच्या मध्यस्थीने दहा लाखांचा मुलूख आणि अहमदनगरचा किल्ला कबूल झाला, नागपूरकर भोसल्यांस पैसा व मुलूख, आणि ८ ऑक्टोबर १७९६च्या महाडच्या तहाने निजामास खर्ड्याच्या लढाईत गेलेला प्रदेश परत देण्याचे ठरले. त्याच महिन्याच्या २७ तारखेस शिंद्यांनी बाळोबास कैद केले, डिसेंबरात बाजीरावास वस्त्रे मिळाली आणि नाना पुन्हा कारभारी झाले.

एक गोळीही न झाडता उलटलेली बाजी अशी सुलटवणारा मुत्सद्दी त्या काळात दुसरा नव्हता; तथापि नानांनी आपले स्थान राज्याच्या भांडवलावर परत मिळवले, हे नाकारता येत नाही. खर्ड्याचा विजय मार्च १७९५चा, म्हणजे जेमतेम दीड वर्षापूर्वीचा, आणि त्याची फळे एका माणसाच्या कारभारीपणासाठी देऊन टाकण्यात आली. ते कारभारीपणही वर्षभरच टिकले, कारण ३१ डिसेंबर १७९७ रोजी शिंद्यांनी नानांना दगा देऊन पकडले आणि महाडात बसून त्यांनी शिंद्यांना कबूल केलेल्या त्याच अहमदनगरच्या किल्ल्यात कैदेत ठेवले.