मनगटातला बोगदा आणि काळाचा हिशोब

उजव्या हाताचा तळवा वर करा आणि अंगठ्याचे टोक करंगळीच्या टोकाला टेकवा. अंगठ्याच्या बुडाशी असलेला मांसल उंचवटा घट्ट झालेला दिसेल. खडू धरणे, सुईत दोरा ओवणे, धानाच्या रोवणीत रोप चिमटीत धरणे, या सगळ्याला ही हालचाल लागते. तिचा हुकूम मेंदूकडून ज्या चेतेमार्फत येतो तिला मीडियन चेता म्हणतात. बोलीत आपण चेतेला 'नस' म्हणतो. अंगठा, तर्जनी, मधले बोट आणि अनामिकेची अर्धी बाजू यांना झालेला स्पर्शही हीच चेता मेंदूकडे पोचवते.

तळहातात शिरण्यापूर्वी ही चेता मनगटातल्या एका बोगद्यातून जाते. त्याची जमीन आणि भिंती मनगटाच्या हाडांच्या, तर छप्पर एका चिवट आडव्या अस्थिबंधाचे. एवढ्याशा जागेत बोटे वाकवणारे नऊ स्नायुरज्जू आणि ही एक चेता दाटीवाटीने असतात. आत थोडी जरी सूज आली तरी हाड हटत नाही आणि छप्पर ताणत नाही. दबते ती सगळ्यांत नाजूक असलेली चेता. या विकाराला 'कार्पल टनेल सिंड्रोम' म्हणतात. तो समजायला शंभर वर्षे कशी लागली आणि त्याचा चंद्रपूर–गडचिरोलीच्या जंगलभागाशी काय संबंध, ते आता पाहू.

१८५०च्या दशकाच्या सुरुवातीला लंडनचे सर्जन जेम्स पॅजेट यांनी एका रुग्णाची हकिकत नोंदवली. मनगटाजवळचे मोडलेले हाड जुळताना तिथे जास्तीचे हाड वाढले होते आणि त्याचा दाब मीडियन चेतेवर येत होता. रुग्णाच्या अंगठ्यावर, तर्जनीवर आणि मधल्या बोटावर जखमा झाल्या होत्या. कोणत्याही उपायाने त्या भरेनात. मनगट वाकवून बांधून ठेवले, चेतेवरचा दाब कमी झाला आणि जखमा भरल्या. रुग्ण हात पुन्हा वापरू लागला की दाब परत येई आणि जखमाही परत येत. ही हकिकत लक्षात ठेवा. पुढे तिची गरज पडणार आहे.

१९१३ साली पॅरिसमध्ये पिएर मारी आणि शार्ल फ्वा यांनी ८० वर्षांच्या एका मृत माणसाचे हात तपासले. दोन्ही हातांवर अंगठ्याच्या बुडाचा उंचवटा झिजून गेला होता. आत पाहिले तर चेता अस्थिबंधाच्या अलीकडे गाठीसारखी फुगलेली आणि अस्थिबंधाखाली बारीक झालेली आढळली. रोग वेळीच ओळखता आला, तर हा अस्थिबंध कापून पुढचे नुकसान थांबवता येईल, असे त्यांनी सुचवले. त्या सूचनेतला 'वेळीच' हा शब्द महत्त्वाचा आहे.

तरीही ही शस्त्रक्रिया रूढ व्हायला आणखी तीन-चार दशके गेली. १९४७ साली लंडनमध्ये रसेल ब्रेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सहा रुग्णांचा अनुभव प्रसिद्ध केला. १९५० पासून अमेरिकेत जॉर्ज फेलन यांनी या विकारावर सातत्याने लिहिले. दोन्ही हातांच्या पालथ्या बाजू एकमेकींना लावून मनगटे मिनिटभर वाकवून ठेवायची आणि बोटांना मुंग्या येतात का ते पाहायचे, ही चाचणी त्यांच्याच नावाने ओळखली जाते. वर्गात ती सहज करून पाहता येईल. मात्र एवढ्यावरून कोणाला रोगी ठरवू नये.

शस्त्रक्रियेत छप्पर कापले की दाब जातो. पण हात पूर्ववत होतो का? याचे उत्तर चेता किती दबली होती यावर अवलंबून असते. चेतेच्या नुकसानीच्या तीन पायऱ्या मानता येतील.

पहिल्या पायरीवर दाबामुळे चेतेचा रक्तपुरवठा तेवढा अडतो. रात्री मुंग्या येऊन जाग येते आणि हात झटकला की बरे वाटते. दाब काढल्यावर हा त्रास बहुधा थोड्याच दिवसांत जातो. दुसऱ्या पायरीवर चेतातंतूंभोवतीचे मायलिनचे वेष्टन खराब होते आणि संदेश मंद गतीने जातात. वेष्टन पुन्हा तयार व्हायला काही आठवडे ते महिने लागतात. तिसऱ्या पायरीवर तंतूच तुटतात. बोटे सतत बधिर राहतात आणि अंगठ्याचा उंचवटा खपाटीला जातो.

तुटलेला तंतू पुन्हा वाढू शकतो, पण दिवसाला साधारण एक मिलिमीटर या गतीने. विद्यार्थ्यांना मनगटापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंतचे अंतर मोजायला सांगा. ते १८ सेंटिमीटर भरले, तर तंतूला तिथे पोचायला १८० दिवस, म्हणजे सहा महिने लागतील. दरम्यान हुकूम न मिळालेला स्नायू सुकत जातो. फार काळ लोटला तर तंतू पोचूनही उपयोग होत नाही. म्हणजे दाब काढणे सर्जनच्या हातात असते, पण त्यानंतर किती परत मिळणार हे बरेचसे आधी गेलेल्या काळाने ठरवलेले असते.

आता चंद्रपूरकडे वळू. चंद्रपूर आणि १९८२ साली त्यातून वेगळा झालेला गडचिरोली, हे दोन्ही जिल्हे कुष्ठरोगाच्या बाबतीत महाराष्ट्रात दीर्घकाळ पुढे राहिले आहेत. कुष्ठजंतूचा शोध नॉर्वेत हॅन्सन यांनी १८७३ साली लावला. शरीराच्या थंड भागांत वाढणारा हा जंतू त्वचेजवळून जाणाऱ्या चेतांमध्ये घर करतो. कोपराजवळची अल्नर चेता बहुतेकदा आधी सापडते. मीडियन चेता सापडते ती मनगटाजवळ, म्हणजे बोगद्याच्या तोंडाशीच. जंतूंविरुद्ध शरीराने केलेल्या प्रतिक्रियेमुळे चेता आतून सुजते. बाहेरचा बोगदा मात्र तेवढाच राहतो. शत्रू वेगळा असला तरी कोंडी तीच.

१९४९ साली वरोऱ्यात महारोगी सेवा समिती स्थापन झाली आणि १९५१ साली बाबा आमटे यांनी वरोऱ्याजवळच्या खडकाळ माळावर आनंदवन सुरू केले. तत्पूर्वी त्यांनी कलकत्त्याच्या स्कूल ऑफ ट्रॉपिकल मेडिसिनमध्ये कुष्ठरोगाचे शिक्षण घेतले होते. कुष्ठरोगाने बोटे झडतात, असेच तेव्हा सर्वत्र मानले जाई.

हा समज खोडून काढणारे सर्जन पॉल ब्रँड हे बाबांप्रमाणेच १९१४ साली जन्मलेले. १९४६ साली ते वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात आले. कुष्ठरुग्णाच्या जखमा इतरांच्या जखमांसारख्याच भरतात, हे त्यांनी दाखवले. बोटे जातात ती बधिरतेमुळे. चुलीवरचा तापलेला गंज हाताने उतरवताना चटका कळत नाही, अवजाराच्या मुठीने कातडी सोलली तरी माणूस काम करत राहतो. रात्री झोपेत उंदरांनी बोटे कुरतडल्याचेही आढळले. पॅजेट यांच्या रुग्णाची हकिकत इथे पुन्हा आठवा. तीच तीन बोटे आणि हात वापरला की परत येणाऱ्या जखमा. शंभर वर्षांनी त्या नोंदीकडे नव्या नजरेने पाहता येते.

ब्रँड यांनी वाकड्या झालेल्या हातात धड स्नायूचा रज्जू वळवून बसवण्याची शस्त्रक्रिया विकसित केली. अंगठा पुन्हा करंगळीकडे वळू लागला, घास हाताने घेता येऊ लागला. रज्जू बदलून हालचाल मिळते, पण स्पर्श मिळत नाही. म्हणून अशा हाताने डोळ्यांनी पाहून जपत काम करावे लागते.

मग चेता मरण्याआधीच बोगदा उघडला तर? कुष्ठरोगातही अशा शस्त्रक्रिया होतात, विशेषतः चेतेत गळू झाल्यास. पण इथे सूज चेतेच्या आतच असते. त्यामुळे निव्वळ औषधोपचारापेक्षा शस्त्रक्रियेची जोड अधिक गुणकारी असते, असे अजून सिद्ध झालेले नाही. मुख्य उपाय म्हणजे सूज उतरवणारे प्रेडनिसोलोन. बधिरता किंवा कमजोरी आल्यापासून सहा महिन्यांच्या आत ते सुरू झाले, तर चेता सावरण्याची आशा जास्त असते. हिशोब पुन्हा काळाचाच.

जंगलभागात काळ अंतरातही जातो. १९७३ साली भामरागडजवळ हेमलकशाला लोकबिरादरी प्रकल्प सुरू झाला, तेव्हा पावसाळ्यात हा भाग नदीनाल्यांमुळे तुटून पडे. दवाखान्यापर्यंत पोचायला लागलेला प्रत्येक दिवस रुग्णाच्या चेतेच्या खात्यातून वजा होत असतो.

१९८२ पासून जागतिक आरोग्य संघटनेने शिफारस केलेले बहुविध औषधोपचार आल्यावर रोग बरा होऊ लागला; आता हे उपचार सहा महिने ते एक वर्ष चालतात. डिसेंबर २००५ मध्ये देशातले प्रमाण दहा हजारांमागे एकाच्या खाली आले. पण नवे रुग्ण आजही सापडतात, त्यांत मुलेही असतात. औषध जंतू मारते, सुकलेला स्नायू परत आणत नाही.

इथे शिक्षकाला करण्यासारखे खूप आहे. एखाद्या मुलाच्या अंगावर फिकट किंवा लालसर चट्टा दिसला, तर त्याला एका बाजूला घेऊन डोळे मिटायला सांगावे आणि बॉलपेनचे टोक हलकेच टेकवून 'कुठे लागले ते बोटाने दाखव' म्हणावे. चट्ट्यावरचा स्पर्श कळला नाही, अंगठा करंगळीला टेकेनासा झाला किंवा चटका बसूनही मूल रडले नाही, तर आईवडिलांशी बोलून त्याला प्राथमिक आरोग्य केंद्रात पाठवावे. औषध मोफत मिळते आणि उपचार चालू असताना मुलाने वर्गात बसायला काहीही हरकत नाही. वर्गात वाच्यता मात्र करू नये, नाहीतर भीतीपोटी पुढचे मूल चट्टा लपवील आणि तेवढा काळ हातचा जाईल.