आजोबांची रायफल आणि जुनी काडतुसं: बार उडवण्याआधी काय माहीत हवं?

१९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर शिकारीवर बंदी आली. पण काही घरांत वारशाने आलेली रायफल आणि काडतुसांचा जुना डबा अजूनही सापडतो. ही काडतुसं वापरावीत का? थोडक्यात उत्तर : नाही.

काडतुसं का बिघडतात?
धूरविरहित दारू नायट्रोसेल्युलोजपासून बनते. उष्णता आणि दमटपणामुळे तिचं विघटन होतं. पितळी कवचालाही तडे जातात. ब्रिटिशकालीन भारतात पावसाळ्यात तबेल्यात साठवलेली काडतुसं अशीच तडकायची. घोड्यांच्या मूत्रातला अमोनिया त्याला कारणीभूत होता.

धोके कोणते?
• उशिरा उडणारा बार : चाप ओढूनही आवाज आला नाही, तरी काडतूस काही क्षणांनी उडू शकतं. म्हणून नळी किमान ३० सेकंद सुरक्षित दिशेला रोखून ठेवतात.
• अडकलेली गोळी : 'फुस्स' असा आवाज आला, तर गोळी नळीत अडकलेली असू शकते. पुढच्या बाराने नळी फुटू शकते.
• जास्त दाब : काळ्या दारूसाठी बनवलेली रायफल धूरविरहित दारूचा दाब सोसेलच असं नाही.

कायदा काय सांगतो?
रायफल वारशाने मिळते, परवाना मिळत नाही. शस्त्र कायदा, १९५९ नुसार वारसाला स्वतःचा परवाना लागतो. तो नसेल तर शस्त्र आणि काडतुसं पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करावी लागतात. जुनी काडतुसं जाळू नयेत, फोडू नयेत किंवा कचऱ्यातही टाकू नयेत.