प्राध्यापक झिन्त्सहाइमर आणि त्यांचे साहाय्यक

कायद्याची पदवी आम्हांजवळ नाही. तरुणपणी एका कारखान्यातील करारावर आम्ही मोठ्या उमेदीने सही केली. पुढे वाद उभा राहिला, तेव्हा आधीचे करार कोणी जपलेच नव्हते, आणि कामगारांची न्याय्य मागणी हातची गेली. कागद जपणाऱ्याची व वाचणाऱ्याची किंमत आम्हांस त्या दिवशी कळली. म्हणून जर्मनीतील एका गुरूची व त्यांच्या शिष्यांची हकीकत सांगतो.

ह्यूगो झिन्त्सहाइमर (१८७५–१९४५) हे फ्रांकफुर्टचे वकील. संघटना व मालक यांच्यातील सामुदायिक करार हाही कायद्याचा एक उगम होय, हा विचार त्यांनी १९०७-०८ साली ग्रंथरूपाने मांडला. १९१९ च्या वायमार राज्यघटनेतील कामगार-मंडळांविषयीच्या १६५ व्या कलमावर त्यांची छाप आहे. पुढे ते फ्रांकफुर्ट विद्यापीठात प्राध्यापक झाले. कायदा पुस्तकात वाचा, पण कारखान्यात तो कसा चालतो तेही पाहा, ही त्यांची शिकवण.

फ्रान्ट्स नॉयमान हे त्यांचे साहाय्यक. एर्न्स्ट फ्रेंकेल व ओटो कान-फ्रॉइंड हे विद्यार्थी. निवाडे शोधावे, उतारे काढावे, टाचणे करावी, असे साहाय्यकाचे काम वरून पाहता कारकुनीच. पण खरे शिक्षण त्यातच होते. नॉयमान व फ्रेंकेल यांनी पुढे बर्लिनला एकत्र वकिली थाटली. एकाने बांधकाम-कामगारांच्या संघटनेचे काम पाहिले, दुसऱ्याने धातुकामगारांच्या. कान-फ्रॉइंड कामगार-न्यायालयात न्यायाधीश झाले. १९३३ साली, कम्युनिस्ट ठरवून काढलेल्या रेडिओ-नोकरांच्या बाजूने त्यांनी निकाल दिला, आणि त्यांचेच पद गेले.

त्याच वर्षी २ मे रोजी नाझींनी संघटनांच्या कचेऱ्या बळकावल्या. गुरू हॉलंडात गेले. नॉयमान व कान-फ्रॉइंड लंडनला. फ्रेंकेल १९३८ पर्यंत जर्मनीतच झुंजले. हुकूमशाहीत कायद्याची काय गत होते, हे फ्रेंकेल यांनी १९४१ साली व नॉयमान यांनी १९४२ साली ग्रंथ लिहून जगाला दाखविले. कान-फ्रॉइंड तर ब्रिटनमधील कामगार-कायद्याच्या अभ्यासाचे आधारस्तंभ ठरले.

कचेऱ्या गेल्या, पण शिकलेली माणसे उरली, आणि विद्याही उरली. आपल्या गावातील कायद्याच्या विद्यार्थ्यांना आमची एवढीच विनंती आहे : कोणत्याही संघटनेच्या कचेरीत रविवारचे दोन तास या, आणि जुने करार लावून द्या. त्यात तुमचेही शिक्षण होईल, आणि आमची चूक पुन्हा घडणार नाही.