ऑक्टेन म्हणजे ताकद नव्हे

गाडी जितकी वेगवान, तितके जास्त ऑक्टेनचे पेट्रोल तिला घालावे, हे मत स्पोर्ट्स कारच्या मालकांत घट्ट रुजलेले आहे. ९१पेक्षा ९५ बरे, ९५पेक्षा १०० उत्तम, कारण जास्त ऑक्टेनमध्ये जास्त शक्ती असते, असा हा पूर्वपक्ष. इंडियन ऑइलने डिसेंबर २०२० मध्ये १०० ऑक्टेनचे पेट्रोल आणल्यावर त्याला आणखी जोर आला. त्यामागचे निरीक्षण खरे आहे: ताकदवान गाड्यांना चढ्या ऑक्टेनचे इंधन लागतेच. पण त्यावरून जे कारण काढले जाते ते टिकत नाही.

ऑक्टेनच्या मोजपट्टीचे दोन ठरवलेले बिंदू पाहा. आयसोऑक्टेनला १०० धरले आहे, नॉर्मल हेप्टेनला शून्य. दोन्ही जाळली तर किलोमागे उष्णता मिळते ती सुमारे ४४ मेगाज्यूल. शून्यवाले हेप्टेनच किंचित सरस ठरते. आपल्या साखर कारखान्यांच्या आसवनीतून निघणारे इथेनॉल घ्या. त्याचे ऑक्टेन १०८च्या आसपास, पण लिटरमागे ऊर्जा पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांशाने कमी. ‘जिथे ऑक्टेन जास्त तिथे ऊर्जा जास्त’ ही व्याप्ती इथे उघडच मोडते.

मग तो आकडा सांगतो काय? स्पार्क प्लगच्या ठिणगीने पेटलेली ज्योत सिलिंडरभर पसरत असताना, तिच्यापुढचे न जळलेले मिश्रण दाबाने आणि उष्णतेने आपणहून भडकू शकते. त्यालाच इंजिन ‘नॉक’ करणे म्हणतात. ते फार काळ चालले तर पिस्टनला इजा होते. असे न भडकता इंधन किती दाब आणि उष्णता सोसू शकते, त्याचे माप म्हणजे ऑक्टेन. ताकद येते ती जास्त कॉम्प्रेशन आणि टर्बोच्या दाबातून, आणि चढे ऑक्टेन तो दाब वापरू देते. माझ्दाने पहिल्या स्कायॲक्टिव्ह-जी इंजिनाचे कॉम्प्रेशन ९५ ऑक्टेनसाठी १४:१ ठेवले आणि अमेरिकेतल्या साध्या पेट्रोलसाठी १३:१ केले, ते याच हिशेबाने.

म्हणून ९५वर बेतलेल्या गाडीत १०० घातले, तर कंप्युटर ठिणगी ठरलेल्या मर्यादेपर्यंतच आधी टाकतो. तिथे पोहोचल्यावर उरलेले ऑक्टेन निरुपयोगी. उलट, ९८ मागणाऱ्या टर्बो गाडीत ९१ घातले, तर नॉक सेन्सर ठिणगी मागे ओढतो, इंजिन मंदावते आणि एक्झॉस्ट जास्त तापतो. त्यामुळे ‘सगळे पेट्रोल सारखेच, बाकी जाहिरात’ हे दुसऱ्या टोकाचे मतही मला मान्य नाही.

सर्वांत घातक गोंधळ मात्र आकड्यांच्या दोन पद्धतींचा आहे, आणि त्याबद्दल कुणी फारसे बोलत नाही. भारतात आणि युरोपात पंपावर दिसतो तो रिसर्च ऑक्टेनचा आकडा. अमेरिकेत रिसर्च आणि मोटर अशा दोन चाचण्यांची सरासरी लिहितात, आणि ती एकाच पेट्रोलसाठी चार-पाचने कमी येते. तिथले ८७ म्हणजे आपल्या पद्धतीने ९१, तिथले ९१ म्हणजे आपले ९५, तिथले ९३ म्हणजे आपले ९७-९८. कॅलिफोर्नियातला मावसभाऊ विश्वासाने सांगतो, “अरे, माझ्या गाडीला ९१ पुरते.” त्याचे बरोबरच असते; त्याच्याकडे ते प्रीमियम असते. तोच आकडा धरून रिसर्च पद्धतीचे ९१ भरणारा मात्र आपल्या इंजिनाला चार अंकांनी खालचे इंधन देतो.

आता मंडन. इंधनाच्या झाकणामागे आणि मॅन्युअलमध्ये आकडा छापलेला असतो. तो कोणत्या पद्धतीचा आहे ते आधी पाहावे. ‘किमान’ आणि ‘शिफारस’ असे दोन आकडे असतील, तर घाटात किंवा ट्रॅकवर गाडी दामटणाऱ्याने शिफारशीचाच धरावा. इंजिनातली स्वच्छता डिटर्जंटवर अवलंबून असते, ऑक्टेनवर नाही. बाटलीतल्या मँगनीजयुक्त ‘बूस्टर’चे थर स्पार्क प्लगवर साचतात, असे बूस्टर टाळावेत. आणि पावसाळाभर गाडी उभी राहणार असेल, तर भारतातल्या २० टक्के इथेनॉलच्या पेट्रोलकडे लक्ष हवे: ते हवेतला ओलावा धरते. पाणी पुरेसे साचले की इथेनॉल त्याच्यासह तळाशी वेगळे होते आणि वर उरलेल्या पेट्रोलचे ऑक्टेन घसरते, मग भरताना ते कितीही महागाचे असो.