ळ : मारतहळ्ळीची पाटी आणि माझं आडनाव

यावेळची बदली बंगळूरची. क्वार्टर मिळेपर्यंत मारतहळ्ळीत भाड्याचं घर घेतलं आहे. आपल्या माणसाला हे नाव ऐकून आधी ‘मराठा’ आठवतो. पण कन्नड पाटीवर ठ नाही, त आहे. इथल्या एचएएलच्या ‘मारुत’ विमानावरून नाव पडलं असंही सांगतात. हे विमान 17 जून 1961 रोजी बंगळुरात पहिल्यांदा उडालं आणि 1971 मध्ये राजस्थान आघाडीवर लढलं. नावाच्या सुरुवातीवर असे वाद चालतात. शेवटच्या ‘हळ्ळी’चा अर्थ मात्र सरळ आहे : खेडं.

पहिल्याच आठवड्यात मी हिंदीच्या सवयीने ‘मारतहल्ली’ म्हणालो, तर रिक्षावाला हसला. कन्नडमध्ये हळ्ळी म्हणजे खेडं आणि हल्ली म्हणजे पाल! मग त्याने माझं नाव विचारलं. ‘काळे,’ म्हणालो. त्याने लगेच ‘काळे’ म्हणून दाखवलं, अगदी स्वच्छ. नोकरीत इतकी वर्षं हजेरीला ‘काले’ ऐकत आलो, त्यामुळे बरं वाटलं.

हा ळ आला कुठून? ऋग्वेदाच्या पहिल्याच ऋचेत तो आहे. तिथल्या ‘ईळे’ या शब्दात मूळचा ड दोन स्वरांच्या मध्ये सापडून ळ झाला. पुढच्या संस्कृतात तो मागे पडला, पण पालीत राहिला.

मराठीतल्या ळ ची वाट वेगळी. संस्कृतातला एकटा ल दोन स्वरांमध्ये आला की आपल्याकडे त्याचा ळ झाला : फल-फळ, कमल-कमळ, काल-काळ. जोड ल्ल मात्र ल च राहिला : गल्ल-गाल, फुल्ल-फूल. ‘उद्या-परवा’मधला ‘काल’सुद्धा ‘कल्य’वरून ‘कल्ल’ होत आला, म्हणून त्याला ळ नाही. काळ आणि काल, वेळ आणि वेल, गाळ आणि गाल यांतला फरक आपण लहानपणी न शिकवता शिकलो, त्यामागे हा हिशेब आहे. आणि स्वरांच्या मध्येच जन्मल्यामुळे ळ ने सुरू होणारा मराठी शब्द सापडत नाही.

कन्नडमध्ये ळ घरचाच. ‘हळ्ळी’ जुन्या कन्नडात ‘पळ्ळि’ होतं. पुढे तिथे शब्दारंभीच्या प चा ह झाला. तमिळांनी प ठेवला. तिरुचिरापळ्ळीतला ‘पळ्ळि’ तोच.

म्हणून ळ दक्षिणेचा आणि ल उत्तरेचा, असं मीही समजत होतो. हा समज आमच्या हरियाणवी हवालदाराने मोडला. हजेरीला मला ‘काले’ म्हणणारा हा गडी घरी फोनवर म्हशीची चौकशी करताना चक्क ‘काळी’ म्हणत होता! हरियाणवीत, राजस्थानीत, पंजाबीत, गढवालीत ळ आजही बोलला जातो. गुजरातीत आणि ओडियात तर त्याला स्वतःचं अक्षर आहे. प्रमाण हिंदीच्या नेहमीच्या वर्णमालेत तो नाही, म्हणून हवालदार बोलताना ळ म्हणतो आणि कागदावर ल वाचतो. मी त्याला म्हटलं, ‘उस्ताद, म्हशीला जे म्हणता तेच मला म्हणा.’ त्या दिवसापासून मी काळे आहे.

हे सगळं विनोदावर सोडलं असतं. पण माझ्याबरोबरच्या एका जवानाचं नाव स्मारकाच्या दगडावर कोरलं गेलं, तेव्हा त्याच्या आडनावातल्या ळ चा ल झाला होता. त्याच्या आईने अक्षरांवरून बोट फिरवलं, पुन्हा फिरवलं आणि मला विचारलं, ‘बाळा, हा आपलाच का रे?’ मी ‘हो’ म्हणालो. दुसरं काय म्हणणार?

तो ल कुणी मुद्दाम कोरला नव्हता. यादीत जसा आला तसा दगडात गेला. म्हणून माजी सैनिक मंडळींना एकच विनंती. डिस्चार्ज बुक, पेन्शनचे कागद, गावच्या स्मारकाची यादी, जिथे नाव देवनागरीत असेल तिथे एकदा नीट वाचा. ळ च्या जागी ल दिसला तर कागदावर असतानाच दुरुस्त करून घ्या.